दिंडीची वीणा आणि लाकडाचा किडा

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात मिरज येथे दुपारच्या सत्रात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. जन्म मिरजेचा. नोकरी मात्र बाहेरगावी, एका संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागात केली. जुनी लाकडी दारं, मूर्ती, पालख्या, वाद्यं यांची निगा राखायची, हेच माझं आयुष्यभराचं काम. शंभर वर्षांच्या सोहळ्यात बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मला एकच विषय येतो, लाकडाचा किडा. समितीची मंडळी हसली. मग वीणेची आठवण निघाली आणि हसणं थांबलं.

काय झालं होतं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तरी नव्या मंडळींसाठी सांगतो.

मागच्या माघात मठात वीणेच्या खाली अंथरलेल्या वस्त्रावर पांढरट पीठ दिसलं. झटकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दांडीच्या मागच्या अंगाला आणि भोपळ्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडली होती. आपली वीणा दिंडीच्या पहिल्या वर्षापासूनची. किती जणांच्या गळ्यात ती पडली, किती पहारे तिनं उभ्यानं काढले, त्याचा हिशेब नाही. माझा आज्जा तिचा विणेकरी होता. ती वीणा पोखरली जात होती.

बैठक बसली. एक जण म्हणाले, आता तिचं आयुष्य संपलं, कृष्णेत विसर्जन करू आणि नवी घेऊ. दुसरे म्हणाले, रॉकेल पाजू. तिसऱ्या माउलींनी तर धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांची डबीच खिशातून काढली. सगळ्यांचा भाव चांगलाच होता. पण या तीनही गोष्टी करायच्या नाहीत, हे सांगायला मी उभा राहिलो. आज त्याचं कारण सांगतो.

आधी किड्याची ओळख करून घेऊ. लाकडात दोन तऱ्हेचे शत्रू असतात. एक वाळवी. ती जमिनीतून येते, मातीची नळी करून भिंतीवर चढते, तिला ओल लागते. दुसरा म्हणजे बारीक भुंगेरा. त्याची मादी उघड्या, पॉलिश नसलेल्या लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते. अंड्यातून अळी निघते, आणि लाकूड खाते ती ही अळी. लाकडातलं पिष्ट हे तिचं अन्न. लाकूड कोणतं, हवा किती उबदार, यावर ती काही महिने ते वर्ष-दीड वर्ष आत राहते. मोठी झाली, भुंगेरा झाला, की तो भोक पाडून बाहेर उडतो. म्हणजे आपल्याला भोक दिसतं तेव्हा तो किडा निघून गेलेला असतो. आपण भोकात औषध ओततो, पण खाणारी अळी त्या भोकात नसतेच, ती शेजारच्या बिळात बसलेली असते. रॉकेलचा उपाय फसतो तो इथं.

सागाचा मधला काळसर गाभा हा किडा सहसा खात नाही. बाहेरचा फिकट भाग, म्हणजे रसकाठ, तो आवडीनं खातो. बांबू तर त्याचा लाडका. आणि वीणेचा भोपळा? शेवटी तो फळाचं कवच आहे, त्याच्यावरही किडे टपलेले असतात.

भोपळ्यावरून आठवलं. मिरजेच्या तंतुवाद्यांचं नाव जगभर आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, शस्त्रांना धार लावणाऱ्यांनी, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं वाद्यं बनवायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि या वाद्यांचे भोपळे येतात कुठून? पंढरपूर भागातल्या शेतांतून. आपण पंढरीला जातो आणि पंढरीचा भोपळा मिरजेला येतो, इथल्या मुसलमान कारागिराच्या हातून वीणा होतो आणि वारकऱ्याच्या गळ्यात पडून पुन्हा पंढरीला जातो. अशी वस्तू पाण्यात सोडायची की वाचवायची, हा बैठकीपुढचा प्रश्न होता.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. नोकरीला लागण्याआधीची गोष्ट. आमच्या घरातल्या देव्हाऱ्याला असंच पीठ पडायला लागलं. मी भोकाभोकांत रॉकेल सोडलं, वरून तेली रंगाचे दोन जाड हात दिले. देव्हारा नवा दिसायला लागला. घरचे खूश. पावसाळा सरता सरता रंगाला फोड आले, फोडांतून भुंगेरे निघाले, आणि दिवाळीत देव्हारा पुसताना नक्षीची महिरप आईच्या हातात पिठासारखी सांडली. वरून रंगाचा पापुद्रा तेवढा राहिला होता. आई काही बोलली नाही, पण मला ते अजून विसरता येत नाही. शिवाय रॉकेल पाजलेल्या त्या लाकडाजवळ आम्ही रोज समई लावत होतो, हे नंतर लक्षात आलं.

धान्याच्या गोळ्यांचं तर नावच काढू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. तो माणसाला मारतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. आपल्या मठात रात्री मंडळी झोपतात. एका बंद खोलीतल्या चार गोळ्या शेजारच्या खोलीतल्यांच्या जिवावर बेतू शकतात. वर हा वायू तांब्या-पितळेला खातो, काळं करतो. पालखीचे कळस, टाळ, वीणेच्या तारा सगळं खराब होईल. प्रशिक्षित माणसाशिवाय हे काम कुणीही करू नये.

संग्रहालयांनीही या चुका केल्या आहेत बरं. जुन्या काळी जगभरच्या संग्रहालयांत वस्तूंना डीडीटी, आर्सेनिक फासायचे. किडा मेला, पण ते विष वस्तूवर राहिलं आणि हाताळणाऱ्याला त्याचा धोका झाला. मग मिथाइल ब्रोमाइडची धुरी आली. त्यानं ओझोनचा थर विरळ होतो, म्हणून मॉंट्रियल कराराखाली तिचा वापर बंद होत गेला. तेव्हा शहाण्या लोकांनी विचार केला, विष न घालता किडा कसा मारायचा? उत्तर निघालं, त्याची हवा काढून घ्यायची.

हे ऐकून नवल वाटतं. पण सांगलीकरांनो, हे तुमच्या आजोबा-पणजोबांना माहीत होतं! हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरून तोंड बंद. आत प्राणवायू उरत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं राहिली तरी तिला किडा लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. प्राणवायू नसेल तिथं माणूस टिकत नाही, आणि किडाही टिकत नाही. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण त्यामागचं ज्ञान गेलेलं नाही.

संग्रहालयं आज हेच करतात. मोठी संग्रहालयं नायट्रोजनचे सिलिंडर वापरतात, त्याला खर्च येतो. आपण वीणेसाठी छोटं, स्वस्त पेव केलं. कसं केलं ते सविस्तर सांगतो. ज्यांना लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

पहिली गोष्ट पिशवी. साधं प्लॅस्टिक चालत नाही, त्यातून हवा हळूहळू आत जाते. चहा-कॉफीच्या पाकिटासारखा आतून चांदीसारखा, अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला कागद लागतो. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात तो मिळतो. एका अंगाला कडक पारदर्शक अन्न-पॅकिंगच्या प्लॅस्टिकची छोटी खिडकी ठेवली, तर आतलं दिसतं.

दुसरी गोष्ट प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या. खाण्याच्या पाकिटात ‘खाऊ नका’ असं छापलेली पुडी असते ना, तसल्या. पण नीट बघून घ्या. ओल शोषणारी सिलिकाची पुडी वेगळी, ती इथं कामाची नाही. आपल्याला लोखंडाच्या भुकटीची हवी. लोखंड गंजताना प्राणवायू ओढून घेतं, एवढंच तिचं तत्त्व.

पुड्या किती लागतील? हिशेब सोपा आहे. पिशवीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करून हजारानं भागा, लिटर येतात. आपली वीणा दोन भागांत मोजली. भोपळ्याकडचा भाग ३५ × ३५ × ३५, म्हणजे सुमारे ४३ लिटर. भोपळ्याच्या पोटातली हवाही त्यातच आली. दांडीकडचा भाग ९० × १२ × १०, म्हणजे ११ लिटर. एकूण ५४. हवेत प्राणवायू २१ टक्के, म्हणजे सव्वाअकरा लिटरच्या आसपास. एक पुडी दोन लिटर प्राणवायू ओढते, म्हणजे सहा पुड्या पुरतात. आपण दहा टाकल्या. यात कंजुषी करायची नाही.

तिसरी गोष्ट खुणेची गोळी. प्राणवायू संपला की ती गुलाबी होते, हवा शिरली की निळी-जांभळी. ती खिडकीजवळ ठेवायची. गोळी गुलाबी झाली त्या दिवसापासून दिवस मोजायचे. उबदार हवेत तीन आठवडे साधारण पुरतात, आपण चार धरले. थंडीत हे करू नका. गारठ्यात किडा सुस्त पडतो, श्वास कमी घेतो आणि जास्त दिवस तग धरतो. म्हणून आपण वैशाख निवडला. चैत्री वारी झालेली, आषाढीला अवकाश, आणि मिरजेचा उन्हाळा किड्याला झोपू देत नाही.

आता भावनेचा प्रश्न. वीणा खाली ठेवायची नाही, हा आपला नेम. ती चार आठवडे पिशवीत कोंडायची? आपले जुने विणेकरी अण्णा मला म्हणाले, “अरे, तिचा श्वास कोंडणार की रं!” मी म्हटलं, “अण्णा, तिचा नाही, किड्याचा. तिला आपण पेवात ठेवतोय, हळदीसारखी.” त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “चौरंगावर ठेव. जमिनीला लागू देऊ नको.” तसंच केलं. शेजारच्या भजनी मंडळानं त्यांची वीणा दिली, तिनं नेम चालवला. आणि अण्णा रोज दुपारी त्या चौरंगाजवळ येऊन बसायचे, खिडकीतून गोळीचा रंग बघायचे.

त्यांच्या या बघण्याचा उपयोग झाला, तोही सांगतो. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला, गोळी निळी झाली. बघितलं तर खुंटीचं टोक टोचून कागदाला बारीक भोक पडलं होतं. चूक माझी, घाई केली होती. पुन्हा नव्यानं सगळं केलं. तारा सैल केल्या, खुंट्यांना आणि घोडीला मऊ सुती कापड गुंडाळलं. पुड्या काम करताना गरम होतात, म्हणून त्या लाकडाला चिकटून न ठेवता कापडाच्या घडीवर ठेवल्या. पुड्यांचं पाकीट फोडल्यावर अर्ध्या तासात पिशवी बंद केली, नाहीतर त्या बाहेरचीच हवा खात बसतात. तोंडाला मध्ये कापड धरून इस्त्री फिरवली, एकापुढे एक दोन पट्ट्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी गोळी गुलाबी झाली आणि अठ्ठावीस दिवस गुलाबीच राहिली. दोन वेळचं सामान धरूनही खर्च एका मुक्कामाच्या चहा-साखरेच्या वर गेला नाही.

वीणा बाहेर काढली, वाद्यकाराकडे नेली. त्यानं भोकं भरली, उघड्या लाकडाला पॉलिशचा पातळ हात दिला, कारण पॉलिश असलेल्या जागी मादीला अंडी घालायला छिद्र मिळत नाही. आषाढीला ती पंढरीला गेली. अण्णांच्याच गळ्यात होती. त्यानंतर पावसाळा गेला, आता शताब्दीचा सप्ताह आला, तिच्याखालच्या काळ्या कापडावर अजून पीठ पडलेलं नाही.

सगळ्याच वस्तूंना पेव लागत नाही. काही सोपे उपाय सांगतो.

उन्हाचा उपाय. साधा पाट, चौरंग, पेटारा, पताकेच्या काठ्या यांना हा चालतो. वस्तू सुती चादरीत गुंडाळायची, मग काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधायची, आणि भर उन्हात जमिनीपासून थोडी उचलून ठेवायची. घट्ट बांधलं की लाकडाची ओल आतच राहते आणि ते तडकत नाही. उघडं लाकूड उन्हात टाकलं तर तडकतं आणि किडा आत सुखरूप राहतो. परदेशी माल पाठवायच्या लाकडी खोक्यांचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश उष्णता अर्धा तास राहिली पाहिजे. आपण तेवढं गाठायचं. तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून त्यात तापमापक खोचा, तो तुकडा वस्तूसोबत बांधा, म्हणजे आतली ऊब कळेल. पण वीणा, पखवाज, रंगवलेल्या मूर्ती, सरसानं जोडलेली कुठलीही वस्तू उन्हात घालायची नाही. सांधे उकलतील, पुडी ताणून फाटेल.

थंडीचा उपाय. चिपळ्या, छोट्या पेट्या, लोकरी वस्त्रं यांना हा चालतो. आइस्क्रीमवाल्याच्या उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक पूर्ण दिवस तशीच ठेवायची, नाहीतर गार लाकडावर पाणी सुटतं.

पताकेच्या बांबूचं जुनं शहाणपण तुम्हाला ठाऊकच आहे. कापलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. त्यानं आतलं पिष्ट धुऊन जातं, किड्याचं जेवण कमी होतं. त्याला जोड द्यायची असेल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. बांबूच्या आतल्या पडद्यांना सळईनं भोकं पाडून तो आठवडाभर त्या पाण्यात ठेवा आणि सावलीत वाळवा. हातमोजे घाला, आणि ते पाणी जनावरं, पोरं यांच्यापासून लांब ठेवा.

वेखंड आणि कडुलिंबाचा पाला? जरूर ठेवा. जुन्या पोथ्यांच्या रुमालांत वेखंड असायचंच. नव्या किड्याला ते दूर ठेवायला मदत करतं. पण आत शिरलेली अळी त्यानं मरत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

वाळवी दिसली तर मात्र हे काहीच कामाचं नाही. ओल कुठून येते ते शोधा. पेटारे भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, विटांवर किंवा लोखंडी घोडीवर ठेवा. मातीची नळी नुसती मोडून भागत नाही, जमिनीचाच इलाज जाणकाराकडून करून घ्या. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर कृष्णाकाठच्या घरांत ओल किती दिवस राहिली, ते तुम्ही बघितलंय.

आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे नजर. संग्रहालयात नवी वस्तू आली की ती आधी वेगळ्या खोलीत राहते, तपासल्याशिवाय बाकीच्यांत मिसळत नाही. आपल्याकडे कुणी श्रद्धेनं जुनी खुर्ची, जुनी पेटी मठाला देतो आणि ती थेट पालखीशेजारी जाते. जळणाची लाकडंही तिथंच. इथून किडा येतो. जळण बाहेर ठेवा. दान आलेल्या लाकडी वस्तूखाली महिनाभर काळं कापड अंथरा, पीठ पडत नाही ना ते बघा, मगच आत घ्या.

भोकं दिसली म्हणून लगेच घाबरू नका. ती शंभर वर्षांपूर्वीचीही असू शकतात. आतून फिकट, ताजं लाकूड दिसलं तर भोक नवं, काळवंडलेलं असलं तर जुनं. सगळी भोकं मेणानं बुजवा आणि वहीत तारीख लिहा. पुढे नवं भोक पडलं किंवा काळ्या कापडावर पीठ आलं, तर किडा जिवंत आहे. तोवर औषध करू नका.

समितीला माझी एकच विनंती आहे. दर एकादशीला, महिन्यातून दोनदा, उपवासाचा फराळ करण्याआधी दहा मिनिटं द्या. एकानं बॅटरी धरायची, एकानं काळं कापड उचलून बघायचं, एकानं वहीत लिहायचं. वीणा, पखवाजांची खोडं, पालखीचा दांडा, सिंहासन, पेटारे, पताका सगळं बघायचं. हे काम तरुण पोरांकडे सोपवा. त्यांच्या हातात मोबाईल आहे, भोकाचा फोटो काढून ठेवला की पुढच्या एकादशीला ताडून बघता येतं.

आपल्या जिल्ह्याशेजारी औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं. तिथल्या वस्तू पाहायला लोक लांबून येतात आणि काचेबाहेरून बघतात. आपल्या मठातली वीणाही तेवढीच मोलाची आहे, पण ती काचेत जायची नाही. तिला चालायचंय, उन्हापावसात उभं राहायचंय, घामाचे हात लागू द्यायचेत. म्हणून तिची काळजी आपल्याला जास्त घ्यावी लागेल.

काल पहाऱ्याला अण्णांच्या गळ्यातून ती त्यांच्या नातवाच्या गळ्यात गेली. घेताना त्या पोरानं आधी तिची दांडी उलटी करून मागची बाजू बघितली आणि मगच नमस्कार केला. अण्णा माझ्याकडे बघून हसले.

राम कृष्ण हरी!